'शरियतसारखा कायदा' म्हणजे नेमका कोणता? विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा व विधान परिषदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई

सन्माननीय सदस्यहो,



बलात्काराची एखादी भयंकर घटना घडते, लोक रस्त्यावर उतरतात, आणि चार दिवसांच्या आत कुणीतरी लोकप्रतिनिधी माईकसमोर येऊन सांगतो, 'या नराधमांना शरियतसारखा कायदाच हवा. हातपाय तोडा, भर चौकात लटकवा.' 2016 साली कोपर्डीच्या घटनेच्या वेळी ही मागणी जाहीरपणे झाली आणि त्यानंतरही ती थांबलेली नाही. सभागृहात, मोर्चात, वाहिन्यांवरच्या चर्चांत मी ती ऐकत आले आहे. गंमत अशी की ती करणाऱ्यांपैकी अनेकांना लग्न, तलाक आणि वारसा या बाबतींत शरियत डोळ्यांसमोरही नको असते. घरात नको, पण वधस्तंभावर हवी, असा हा मामला आहे.

मी मराठी मुसलमान आहे आणि पेशाने वकील आहे. त्यामुळे ही मागणी माझ्या कानांवर दोनदा आदळते. वकील म्हणून वाटतं, पुराव्याबद्दल कुणी बोलेल का? मुसलमान म्हणून वाटतं, ज्या शास्त्राचं नाव घेताय त्याचं एक पान तरी उलटून पाहिलंय का? ते पान उलटून दाखवण्यासाठी हे पत्र.

आधी एक खुलासा. आज भारतात शरियत लागू आहे ती 1937 च्या कायद्यानुसार, आणि ती विवाह, तलाक, वारसा, वक्फ अशा बाबींपुरतीच. गुन्हे त्यात नाहीत. मुंबई इलाख्यात मुसलमानी फौजदारी कायद्याचा उरलासुरला अंमल 1827 च्या एल्फिन्स्टन संहितेने संपवला. बंगालात तो इंग्रजांच्या दुरुस्त्या अंगावर घेत 1862 पर्यंत, म्हणजे भारतीय दंड संहिता लागू होईपर्यंत, तगला. तेव्हा तुम्ही ज्याला शरियत म्हणता ते चित्र इथल्या अनुभवातून आलेलं नाही. ते आखातातून परतलेल्यांच्या गप्पांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींतून आलंय.

शास्त्रात काय आहे? इस्लामी धर्मशास्त्र, म्हणजे फिक्ह, गुन्ह्यांचे तीन कप्पे करतं. ज्यांची शिक्षा धर्मग्रंथाने ठरवून दिली आहे ते 'हद्द'चे गुन्हे. खून-जखमांचा बदला किंवा भरपाई म्हणजे 'किसास'. आणि उरलेलं सगळं, जिथे काझीने किंवा राज्याने शिक्षा ठरवायची, ते 'ताझीर'. बलात्कार हा स्वतंत्र गुन्हा आणि त्याची अमुक शिक्षा, असं कुरआनात कुठेही लिहिलेलं नाही. सक्तीने ज्यांना वेश्याव्यवसायात ढकललं त्या दासींना ईश्वर क्षमा करणारा आहे, असं 24 व्या सूरेत आहे. विवाहबाह्य संबंधांना, म्हणजे 'झिना'ला, शंभर फटक्यांची शिक्षाही त्याच सूरेत आहे. बलात्काराला जागा शोधावी लागली ती फकिहांना, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांना, आणि त्यावर त्यांचं हजारेक वर्षं भांडण चाललं.

बहुतेकांनी तो झिनाच्या कप्प्यात ठेवला: गुन्हा झिनाचाच, फक्त दोघांपैकी एकावर सक्ती झालेली. सक्ती झालेल्या स्त्रीला शिक्षा नाही, यावर सगळ्या पंथांचं एकमत. पण या कप्प्याला एक कुलूप आहे. झिनाची हद्द-शिक्षा द्यायची तर आरोपीची स्वतःची कबुली हवी, नाहीतर प्रत्यक्ष कृत्य डोळ्यांनी पाहिलेले चार साक्षीदार हवेत. आणि चार जण न आणता कुणी एखाद्या स्त्रीवर बदफैलीचा आरोप केला, तर आरोप करणाऱ्याला ऐंशी फटके. ही अट बलात्काऱ्यांसाठी बनलेली नव्हती. दुसऱ्याच्या घरात डोकावणाऱ्यांची आणि बायकांच्या चारित्र्यावर कुजबुजणाऱ्यांची तोंडं बंद करण्यासाठी ती होती. शिवाय सुन्नी पंथांनी एक सूत्र उचलून धरलं: शंका आली की हद्द टाळा. म्हणजे ज्या शिक्षांच्या नावाने तुम्ही टाळ्या घेता, त्या शिक्षा सहजी होऊ नयेत याचीच व्यवस्था त्या शास्त्राने करून ठेवली होती. चार साक्षी नसतील तर गुन्हेगार मोकळा सुटायचा असंही नव्हे. त्याला ताझीरखाली, इतर पुराव्यांवर, काझी शिक्षा देऊ शकत होता.

हदीस-संग्रहांत मदिनेतल्या एका स्त्रीची हकीकत आहे, आणि ती मला तुमच्यापैकी प्रत्येकाने वाचावी असं वाटतं. ती नमाजसाठी निघाली होती. वाटेत एकाने तिच्यावर जबरदस्ती केली आणि तो पळाला. तिच्या आरडाओरड्याने लोक जमले, त्यांनी एकाला धरलं, आणि तिनेही 'हाच तो' म्हणून सांगितलं. प्रकरण पैगंबरांपुढे गेलं. धरलेल्या माणसाला शिक्षा सुनावली जाणार, एवढ्यात दुसरा उठला आणि म्हणाला, ते कृत्य माझं. पैगंबरांनी त्या स्त्रीला जायला सांगितलं. तिच्याकडे चार साक्षीदार मागितले नाहीत, की चुकीच्या माणसाकडे बोट दाखवलं म्हणून तिला दंड केला नाही. चुकून पकडलेल्याशी ते गोड शब्दांत बोलले. खऱ्या गुन्हेगाराचं पुढे काय झालं, यावर वेगवेगळ्या पाठांत फरक आहे. एका हकीकतीत किती गोष्टी आहेत पाहा. खरं बोलणारी स्त्री, तरीही चुकीची ओळख, संतापलेला जमाव, आणि थोडक्यात वाचलेला एक निरपराध. आपल्या सत्र न्यायालयांत रोज जे घडतं ते याहून फार वेगळं नाही.

इमाम मालिक यांचं मत आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखं आहे. ते म्हणतात, बलात्काऱ्याला हद्दची शिक्षा तर व्हावीच, शिवाय त्याने त्या स्त्रीला तिच्या योग्यतेइतकी मेहरची, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची, रक्कम द्यावी. उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने तसा निवाडा दिल्याचं मालिक यांच्या 'मुवत्ता'त नोंदलेलं आहे. हनफी पंथाचा याला विरोध: हद्द लागली की वर मेहर नाही. स्त्रीच्या इजेची किंमत मेहरच्या भावाने मोजावी, हे आज आपल्याला खटकतं आणि खटकायलाच हवं. पण आठव्या शतकातला एक कायदेपंडित गुन्हेगाराच्या मरणापलीकडे जाऊन 'तिला काय मिळालं?' असं विचारतो. आपल्याकडे हा प्रश्न सरकारला सुचायला 2013 ची 'मनोधैर्य' ही अर्थसाह्य योजना यावी लागली.

याच मालिक यांच्या पंथाने, म्हणजे मालिकींनी, दुसरीकडे मोठा घोटाळाही करून ठेवला. अविवाहित स्त्रीला दिवस गेले तर तोच झिनाचा पुरावा, आणि 'माझ्यावर सक्ती झाली' हे तिचं म्हणणं जखमा, आरडाओरडा अशा खुणांशिवाय ग्राह्य नाही, असं त्यांचं मत. चार सुन्नी पंथांपैकी बाकीच्या तिघांना ते मान्य नाही. नायजेरियाच्या उत्तरेकडील राज्यांनी 2000 च्या आसपास शरियत फौजदारी कायदे आणले ते मालिकी वळणाचे. 2002 साली कात्सिना राज्यात एका घटस्फोटितेला मूल झालं म्हणून दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा झाली. मुलाचा बाप म्हणून जो ठरवला गेला होता तो सुटला. पुढच्या वर्षी तिथल्याच शरियत अपील न्यायालयाने तिला निर्दोष सोडलं, तेही फिक्हचेच दाखले देऊन.

झिनाच्या कप्प्याबाहेर नेणारा दुसरा रस्ताही होता. सेव्हिलचे काझी इब्न अल-अरबी (मृत्यू 1148) यांच्यापुढे वाटमाऱ्यांची एक टोळी आली. तिने प्रवाशांतली एक बाई पळवली होती. त्यांनी मुफ्तींना विचारलं, तर उत्तर आलं की हिराबा, म्हणजे सशस्त्र दरोडा, फक्त मालमत्तेबाबत होतो, स्त्रीबाबत नाही. काझीसाहेब भडकले. माणूस सगळं लुटलं गेलेलं सोसेल, पण डोळ्यांदेखत बायको-मुलगी ओढून नेलेली सोसणार नाही, मग मोठा दरोडा कोणता? असा त्यांचा सवाल. हिराबाची शिक्षा कुरआनाच्या पाचव्या सूरेत आहे: वध, सूळ, उलट बाजूचे हातपाय तोडणं, किंवा हद्दपारी. तुमच्या भाषणांतलं 'हातपाय तोडा' हे शरियतीत कुठे असेल तर इथे आहे. मात्र या रस्त्याचं महत्त्व तोडण्यात नाही. बलात्कार हिराबा ठरला की तो चारित्र्याचा विषय राहत नाही, हिंसेचा होतो. चार साक्षींची अट गळते आणि बाईवर उलटा आरोप ठेवायला जागा उरत नाही. आपल्या काळात पाकिस्तानातले विद्वान जावेद अहमद घामिदी यांनी हीच मांडणी केली. इब्न अल-अरबींच्या बोलण्यात बाई पुरुषाची अब्रू म्हणूनच येते, हे मला दिसत नाही असं नाही. बाराव्या शतकातल्या काझीकडून त्याहून अधिक मी मागत नाही. एकविसाव्या शतकातल्या आमदारांकडून मागते.

आता पाकिस्तान. तिथे 'शरियतसारखा कायदा' खरोखरच आणला गेला. फेब्रुवारी 1979 मध्ये जनरल झिया-उल-हक यांनी हुदूद (हद्दचं अनेकवचन) अध्यादेश काढले. झिनाच्या अध्यादेशात बलात्कारही घातला, आणि त्याच्या हद्द-शिक्षेसाठी चार प्रौढ मुसलमान पुरुष साक्षीदारांची अट ठेवली. पाकिस्तानात बलात्कार सिद्ध करायला कायम चार साक्षीदार लागत, असं सर्रास लिहिलं जातं, ते बरोबर नाही. ताझीरखाली साध्या पुराव्यावर शिक्षा होत होती, त्यात 25 वर्षांपर्यंत कैद होती. खरी मेख दुसरीकडे होती. झिया यांच्या आधीच्या कायद्यात सहमतीचे विवाहबाह्य संबंध हा स्त्रीचा गुन्हा नव्हता. आता बलात्कार आणि सहमतीचा संबंध एकाच अध्यादेशात शेजारी-शेजारी बसवले गेले. बाईने तक्रार केली आणि सक्ती सिद्ध झाली नाही, की संबंध आल्याची कबुली तेवढी उरायची. कबुली कुणाची? तिची.

1983 मध्ये साहिवालच्या सत्र न्यायालयात नेमकं हेच घडलं. एका जमीनदाराच्या घरी कामाला असलेली तरुण मुलगी, जवळजवळ पूर्ण अंध. तिला दिवस गेले. बलात्काराची तक्रार बापाने केली. पुराव्याअभावी जमीनदार सुटला, त्याचा मुलगा सुटला, आणि मुलीला तीन वर्षं कैद, पंधरा फटके आणि हजार रुपये दंड. बायका रस्त्यावर आल्या, जगभर छी-थू झाली, आणि केंद्रीय शरियत न्यायालयाने प्रकरण मागवून तिला सोडून दिलं. सोडताना आधार कशाचा घेतला? फिक्हचाच: गरोदर स्त्री सक्ती झाल्याचं सांगत असेल तर तिला झिनाची शिक्षा देता येत नाही. म्हणजे सरकारने शरियतच्या नावाने जे केलं, ते शरियतच्या पोथ्यांतच बसत नव्हतं. त्याच न्यायालयाने मार्च 1981 मध्ये दगडांनी ठेचून मारण्याची शिक्षा इस्लामविरोधी असल्याचाही निकाल दिला होता. झियांना तो पचला नाही. त्यांनी न्यायालयाची रचनाच बदलली, उलेमांना पीठावर आणलं, आणि पुढच्या वर्षी निकाल फिरवून घेतला. ज्यांना 'शरियत' एकच आणि ठाम वाटते त्यांनी या दोन निकालांमधलं एक वर्ष अभ्यासावं.

2002 साली कोहाटमध्ये पुन्हा तेच: दिरावर बलात्काराचा आरोप करणाऱ्या विवाहितेलाच दगडांची शिक्षा, अपिलात सुटका. न्यायमूर्ती माजिदा रिझवी यांच्या अध्यक्षतेखालच्या महिला आयोगाने 2003 मध्ये हे अध्यादेश रद्दच करा असं सांगितलं. 2006 च्या महिला संरक्षण कायद्याने बलात्कार अखेर पुन्हा दंड संहितेत नेला. मधल्या सत्तावीस वर्षांत तुरुंगात गेलेल्या बायकांची वर्षं कुणी परत केली नाहीत.

आणि जरब? सामूहिक बलात्काराला पाकिस्तानात 1997 पासून फाशी आहे. सप्टेंबर 2020 मध्ये लाहोरजवळच्या महामार्गावर गाडी बंद पडलेल्या एका आईवर तिच्या मुलांसमोर सामूहिक बलात्कार झाला. शहराच्या पोलीसप्रमुखांचा जाहीर प्रश्न होता की ती एवढ्या रात्री त्या रस्त्याने निघालीच कशाला. लोक खवळले, सरकारने अध्यादेश काढला, त्यात रासायनिक नसबंदीचं कलम घातलं. नोव्हेंबर 2021 मध्ये कायदा झाला तेव्हा ते कलम गायब होतं. का? इस्लामी विचारसरणी परिषदेने, म्हणजे शरियतच्या सरकारी राखणदारांनी, ही शिक्षा इस्लामविरोधी असल्याचं सांगितलं म्हणून. आपल्याकडे हीच नसबंदी 'अरब देशांसारखी कडक शिक्षा' म्हणून मागितली जाते! (याच परिषदेने 2013 मध्ये डीएनए हा बलात्काराचा मुख्य पुरावा मानता येणार नाही असंही म्हटलं होतं, तेव्हा तिला मी डोक्यावर घेतेय असं समजू नका.)

सौदी अरेबियाचं नाव तुम्ही सर्वांत जास्त घेता, म्हणून थोडक्यात सांगते. 2006 मध्ये कतीफ इथे एका तरुणीवर सात जणांनी बलात्कार केला. परपुरुषासोबत गाडीत बसली होती म्हणून तिलाच 90 फटक्यांची शिक्षा झाली. तिने अपील केलं, बोभाटा झाला, तेव्हा ती 200 फटके आणि सहा महिने कैद अशी वाढली. डिसेंबर 2007 मध्ये राजे अब्दुल्ला यांनी माफी दिली तेव्हा ती सुटली. बलात्कारितेला राजाची माफी लागावी, हा तुमचा आदर्श आहे का?

उलट बाजूचीही एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. बलात्काऱ्याने पीडितेशी लग्न केलं की खटला बंद, अशी कलमं मोरोक्को, जॉर्डन, लेबनॉन, ट्युनिशिया या देशांत होती. ती 2014 ते 2017 च्या दरम्यान रद्द झाली. सगळ्यांनी त्यांचं पाप शरियतच्या खात्यावर मांडलं. पण त्यांचं मूळ फिक्हमध्ये नव्हे, एकोणिसाव्या शतकात युरोपातून, मुख्यतः फ्रेंच दंडसंहितेतून, उचललेल्या तरतुदींत सापडतं. आपल्याकडे गावकीत बसून असली लग्नं लावणाऱ्यांनी तर दोन्हीपैकी काहीच वाचलेलं नसतं.

आता घराकडे येते. 1979 सालीच, हुदूद अध्यादेशानंतर सातच महिन्यांनी, आपल्या देशात एक खुलं पत्र लिहिलं गेलं. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेशिक्षकांनी ते भारताच्या सरन्यायाधीशांना लिहिलं. विषय होता आपल्याच विदर्भातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी केलेला बलात्कार. नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये त्यांना सोडलं, कारण मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचं न्यायालयाला पटलं नाही. मालिकी काझींच्या खुणांची यादी आठवते? जखमा, आरडाओरडा. धर्म वेगळा, शतक वेगळं, संविधान वेगळं, आणि पुरुषांनी मागितलेला पुरावा तोच. त्या पत्रातून आंदोलन उभं राहिलं आणि 1983 मध्ये कायदा बदलला. त्या बदलातला मोलाचा भाग पुराव्याचा होता: कोठडीतल्या बलात्कारात स्त्रीने 'माझी संमती नव्हती' असं सांगितलं तर न्यायालयाने तसंच गृहीत धरावं.

तुमच्या सभागृहांनी डिसेंबर 2021 मध्ये महिलांवरील अत्याचारांविरुद्धचं 'शक्ती' विधेयक मंजूर केलं. ते राष्ट्रपतींच्या संमतीसाठी गेलं आणि त्याचा कायदा झालाच नाही. बातम्यांचे मथळे फाशीवर होते. त्याच विधेयकात खोटी तक्रार करणाऱ्यांना कैदेची तरतूद होती, तिच्यावर फारसं कुणी बोललं नाही. 'खोटी' आणि 'सिद्ध न झालेली' यांत फरक आहे हे मला ठाऊक आहे. तालुक्याच्या पोलीस ठाण्यात तो फरक कोण सांभाळणार, हे तुम्हाला ठाऊक आहे का? एका हातात फाशी आणि दुसऱ्या हातात तक्रारदाराला तुरुंगाची धमकी: साहिवालचा निकाल याच जोडीतून निघाला होता. दिल्लीतल्या सामूहिक बलात्कारानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती वर्मा समितीने जानेवारी 2013 मध्ये फाशी आणि रासायनिक नसबंदी दोन्हींना नकार दिला होता. हैदराबादेत 2019 साली बलात्काराचे चार आरोपी चकमकीत मारले गेले तेव्हा पोलिसांवर फुलं उधळली गेली. विदर्भाच्या मातीतले न्यायमूर्ती सिरपूरकर यांच्या आयोगाने 2022 मध्ये त्या चकमकीची पोलिसांनी सांगितलेली कहाणी खोटी ठरवली. मदिनेत तो एक माणूस वाचला, कारण खरा गुन्हेगार उठेपर्यंत त्याला शिक्षा झालेली नव्हती.

म्हणून माझी विनंती आहे. शरियतचा दाखला द्यायचा असेल तर पुरता द्या: शंकेचं सूत्रही सांगा, मालिकची भरपाईही सांगा, कतीफही सांगा. ते जमणार नसेल तर येत्या अधिवेशनात तारांकित प्रश्न विचारा. न्यायवैद्यक प्रयोगशाळांत बलात्काराचे किती नमुने पडून आहेत? पोक्सोच्या विशेष न्यायालयांत सरकारी वकिलांची किती पदं रिकामी आहेत? 'मनोधैर्य'चे पैसे अर्ज केल्यापासून किती महिन्यांनी मुलीच्या हातात पडतात? सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातलेली दोन बोटांची चाचणी कुठल्या सरकारी रुग्णालयात अजून होते का? उत्तरं जिल्हावार मागा आणि सभागृहाच्या पटलावर ठेवा.

आपली नम्र,
एक वकील आणि आपली मतदार